बंडीवरचा उपग्रह

मैत्रिणींनो, बैलबंडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा फोटो पाहिलाय ना? आमच्या पांढरकवड्यात बचत गटाच्या बैठकीत तो दाखवला, तर हशाच पिकला. "ताई, इस्रोवाल्यांजवळ ट्रक नव्हता का वो?"

होता की! पण १९८१ च्या या 'ॲपल'च्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती, अन् आजूबाजूला धातू असला की रेडिओ लहरींत गडबड होते. म्हणून बंडी. गरिबी नव्हे, अक्कलहुशारी!

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ मध्ये थुंब्याला टिपलेल्या फोटोत मात्र रॉकेटचं नाक सायकलच्या कॅरिअरवर चाललंय. तिथं खरंच वाहनांची चणचण होती. चर्चमध्येच ऑफिस थाटलेलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, तेही अमेरिकेचं. चुंबकीय विषुववृत्ताजवळची ही जागा शोधणाऱ्यांत आपले एकनाथ चिटणीस होते, हे किती जणींना ठाऊक आहे?

बैठकीत एकीनं हळूच विचारलं, "मग त्या गावचे लोक कुठं गेले?"

मच्छीमारांची वस्ती होती ती. घरं सोडून दुसरीकडं वसली. चुली उचलून निघालेल्या त्या बायांचा फोटो मला अजून कुठं दिसला नाही.