चष्मा आणि कॅमेऱ्याची खिडकी

चष्मेवाल्या छायाचित्रकारास व्ह्यूफाइंडरला डोळा भिडवितां येत नाहीं. चित्राच्या कडा निसटतात. तेथें नंबरचें भिंग बसविणें हा उपाय खरा. पण त्यांत एक फसगत आहे. निकॉन एफएम-२ सारख्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत खिडकीचाच नंबर सुमारें उणे १ असतो, म्हणजे चित्र जणूं १ मीटरवर दिसतें. कंपनीच्या भिंगावरील आंकडा ही दोहोंची बेरीज होय. चष्म्याच्या दुकानांतून उणे ३ ची कांच घासून आणली, तर एकूण नंबर उणे ४ होतो! उलट, दूरचें स्वच्छ दिसणाऱ्या वृद्धास ‘शून्य’ छापलेलें भिंग लागतें. तें वस्तुतः अधिक १ चें असतें. सिलिंडरचा नंबर मोठा असल्यास मात्र चष्माच बरा. पारख करतांना दृश्याकडे नव्हे, आंतल्या दुधी कांचेवरील वर्तुळाकडे पाहावें, आणि तेंही क्षणभरच. टक लावल्यास तरुण डोळा चुकीच्या भिंगाशींही जुळवून घेतो.