भट्टी न पेटवता नाताळची नक्षी

जळगाव-धुळ्यात दिवाळीला नानकटाई घरी मळून बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची रीत जुनी आहे. नाताळची बिस्किटेही तशीच आणा, नाहीतर विकत घ्या; सजावटीला ओव्हन लागतच नाही.

वाटीभर पिठीसाखरेत चहाचे तीन चमचे दूध घालून घोटा. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. इथे पाणी इतके कमी असते की बरीचशी साखर बारीक कणांच्या रूपातच राहते. पाणी उडू लागले की विरघळलेली साखर पुन्हा स्फटिक होऊन या कणांना एकमेकांशी जखडते आणि थर कडक होतो. खानदेशातली डिसेंबरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूने असते. दमट हवेत हाच थर चिकट राहतो.

चमच्याने सोडलेली धार मिश्रणात दहा-पंधरा सेकंदांत मिसळली, तर ते पसरवायला योग्य. रेघांसाठी थोडी साखर वाढवा, प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत भरा, कोपरा किंचित कापा. गुलाबी रंगाला बिटाचा रस, पिवळ्याला चिमूटभर हळद. बिस्किटे मात्र पूर्ण गार हवीत. गरम बिस्किटावर नक्षी ओघळते. डबा भरण्याआधी थर रात्रभर उघड्यावर, जाळीखाली वाळू द्या.