लहान एंजिन, खरी वाफ

रस्त्यावरील खडी दाबणारा वाफेचा रूळ आपल्यापैकीं वडील मंडळींनीं लहानपणीं पाहिला असेल. त्याचेंच एक भावंड म्हणजे ट्रॅक्शन एंजिन. शेतावर मळणीयंत्र चालविणें आणि रस्त्यानें अवजड गाड्या ओढणें हीं त्याचीं कामें. इंग्लंडांतील रॉचेस्टर येथील टॉमस अ‍ॅव्हेलिंग यानें १८५९ सालीं, घोड्यांनीं ओढून न्यावें लागणाऱ्या एका एंजिनाची शक्ति साखळीनें त्याच्याच मागील चाकांस जोडली, आणि तें आपल्या बळानें चालूं लागलें. पुढें डिझेलच्या यंत्रांनीं त्याची जागा घेतली. आज तेथील हौशी कारागीर घरच्या लहानशा कारखान्यांत त्याची वाफेवर चालणारी प्रतिकृति घडवितात.

प्रथम जतन केलेल्या एखाद्या मूळ एंजिनाचा भाग न् भाग मोजून नकाशे काढावयाचे. समजा, एका फुटास दोन इंच हें प्रमाण धरिलें. म्हणजे लांबी १/६, पृष्ठभाग १/३६ आणि घनफळ १/२१६. दहा टनांचें एंजिन सुमारें ४६ किलोंचें झालें.

चाकांस आपल्या बैलगाडीप्रमाणेंच तुंबा, आरे व धांव असते. मात्र तें सर्व धातूचें. मागील चाकांच्या धांवेवर तिरप्या लोखंडी पट्ट्या एकेक करून रिव्हेटांनीं बसवाव्या लागतात. सिलिंडराकरितां आधीं लांकडी साचा करितात. ओतलेला धातु निवतांना आकसतो, म्हणून साचा किंचित् मोठा ठेवितात, आणि मग ओतीव भाग लेथवर कातून अचूक मापास आणितात.

येथवर प्रश्न केवळ चिकाटीचा आहे. खरी अडचण पुढें आहे. यंत्राचा आकार लहान करितां येतो. निसर्गाचे नियम लहान करितां येत नाहींत. लहान सिलिंडरांत वाफेच्या मानानें थंड भिंतींचा पृष्ठभाग सहापट होतो, म्हणून वाफेचें पाणी लवकर होतें. धूरनळ्या हुबेहूब बारीक केल्या, तर काजळीनें त्या चोंदतात. सबब त्या संख्येनें कमी व मापानें रुंद ठेवाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाचा भाग बॉयलर. गोल नळकांड्याची रुंदी व पत्र्याची जाडी एकाच प्रमाणांत कमी केली, तर त्याच दाबाखालीं पत्र्यावर ताण तेवढाच राहतो. मग मूळचें पोलाद कां वापरूं नये? कारण गंज प्रमाण जाणत नाहीं. १२ मिलिमीटर पत्र्यांतील एक मिलिमीटर गंजानें खाल्ला तरी ११ उरतात; दोनांतील एक गेला तर निम्मी शक्तीच गेली. म्हणून या मापाचा बॉयलर बहुधा तांब्याचा करितात. त्याचे सांधे चांदीमिश्रित डाकानें जोडतात. सात बार दाबाच्या वाफेचें उष्णतामान सुमारें १७० अंश असतें आणि कथिल-शिशाचा डाक १८३ अंशांवरच वितळूं लागतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या खर्चाचें कारण कळतें.

नवा बॉयलर पेटविण्यापूर्वीं त्यांत कांठोकांठ पाणी भरून, नेहमींच्या दुप्पट दाबानें त्याची परीक्षा घेतात. पाणी फारसें दाबलें जात नाहीं, त्यामुळें त्यांत शक्ति फारशी सांठत नाहीं. सांधा कच्चा असल्यास पाणी झिरपतें व दाबमापकाचा कांटा खालीं येतो. हीच परीक्षा वाफेनें घेतली तर बॉयलर फुटून प्राणावर बेतेल. तेथें ही तपासणी स्वतः कारागिरानें न करितां हौशी मंडळाच्या जाणत्या तपासनिसानें करावयाची असते. हा दंडक योग्यच आहे; आपल्या हातच्या कामांतील दोष आपल्याच डोळ्यांस सहसा दिसत नाहीं.

अशी प्रतिकृति जत्रेंत उभी राहिली म्हणजे मुलें तिला बिलगून उभीं राहतात. रंग, रिव्हेट, पितळी पट्ट्या यांचें कौतुक सर्वजण करितात. आंतील रुंद नळ्या आणि तांब्याचे सांधे कोणास दिसत नाहींत. मूळ यंत्राशीं इमान राखूनही कोठें त्याची नक्कल करूं नये, हें ज्यास उमगलें, त्याच्याच एंजिनापाशीं मुलांना निर्धास्त उभें राहूं द्यावें.