संगणकांचा संवाद आणि कालबाह्य सवलती

दोन संगणकांना परस्परांशी बोलावयाचे असेल तर संवादाचे नियम आधी ठरलेले असावे लागतात. ह्या नियमसंचाला प्रोटोकॉल म्हणतात. नियम एकच असले तरी ते पाळणाऱ्या आज्ञावल्या अनेकांनी लिहिलेल्या असतात, आणि त्यांतील काही सदोष निघतात. अशा वेळी पाठविताना स्वतः काटेकोर राहावे, मात्र दुसऱ्याकडून आलेले उदारपणे स्वीकारावे, असे धोरण जॉन पोस्टेल ह्यांनी १९८० साली इंटरनेटच्या नियमपत्रिकांत नमूद केले. इंटरनेटच्या वाढीला ह्या औदार्याचा मोठा हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. परंतु चुकणाऱ्याला दिलेली सवलत कधी काढून घ्यावयाची, ह्याविषयी ते धोरण काहीच सांगत नाही. त्यातून काय ओढवते, ते टीएलएस ह्या प्रोटोकॉलच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

ब्राउझर आणि सर्व्हर ह्यांच्यातील मजकूर गुप्त राखणे हे टीएलएसचे काम. एसएसएल हा त्याचा पूर्वज. त्याची तिसरी आवृत्ती १९९६ सालची. पुढे टीएलएसच्या आवृत्त्या १९९९, २००६ आणि २००८ साली आल्या. आवृत्ती ठरविण्याची मूळ रीत सुटसुटीत होती. ब्राउझरने आपल्याला अवगत असलेली सर्वांत वरची आवृत्ती सांगावी. सर्व्हरला ती ठाऊक नसल्यास त्याने आपली खालची सुचवावी. प्रत्यक्षात काही सर्व्हर अनोळखी आकडा दिसताच जोडणीच तोडून टाकीत. दोष उघडच सर्व्हरचा. पण तेच संकेतस्थळ जुन्या ब्राउझरमध्ये उघडत असल्यामुळे लोक बोल लावीत ते नव्या ब्राउझरला. तेव्हा ब्राउझरकर्त्यांनी पडते घेतले. जोडणी तुटली की एक पायरी खालच्या आवृत्तीने पुन्हा प्रयत्न करावयाचा, तीही तुटली की आणखी खाली, असे करीत थेट एसएसएल ३ पर्यंत उतरावयाचे.

ह्या युक्तीतील वैगुण्य असे, की जोडणी कोणी तोडली हे ब्राउझरला कळत नाही. वाटेत दबा धरून बसलेला चोरही ती तोडू शकतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलमधील बोडो म्योलर, थाई डुओंग आणि क्शिश्तोफ कोतोविच ह्यांनी ‘पूडल’ नावाने ओळखला जाणारा हल्ला जाहीर केला, तो ह्याच वाटेने जाणारा होता. एसएसएल ३ मध्ये मजकूर ठरावीक लांबीच्या ठोकळ्यांत बसवितात आणि शेवटी उरलेली जागा भरतीच्या बाइटांनी भरतात. ह्या भरतीतील शेवटचा बाइट तेवढा तपासला जाई. बाकीचे काय आहेत, हे पाहण्याची तरतूदच नव्हती. चोर मजकुरातील हवा तो ठोकळा उचलून भरतीच्या जागी ठेवी. सर्व्हरने तो निमूटपणे स्वीकारला, की त्या ठोकळ्यातील एक बाइट उघड होई. असे घडण्याचा संभव २५६ त एक. आणि ब्राउझरकडून तीच मागणी पुनःपुन्हा पाठविण्याची व्यवस्था चोराने केली, की संपूर्ण कुकी थोड्या वेळात त्याच्या हाती पडे. मग त्या माणसाच्या नावाने त्याच्या खात्यात शिरण्यास पासवर्डही लागत नसे.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की नाडले जाणारे ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही टीएलएसची नवी आवृत्ती उत्तम जाणणारे असू शकत. सवलत होती सदोष सर्व्हरसाठी. तिचा भुर्दंड मात्र निर्दोषांवर पडला.

एप्रिल २०१५ मध्ये उपाय म्हणून एक खूण प्रमाणित झाली. खाली उतरताना ब्राउझरने ‘मी पडते घेत आहे’ असे कळवावयाचे आणि वरची आवृत्ती जाणणाऱ्या सर्व्हरने ती जोडणी नाकारावयाची. ठिगळावर हे दुसरे ठिगळ झाले, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे कठीण आहे. जून २०१५ मध्ये एसएसएल ३ वर बंदी आली.

तथापि सदोष सर्व्हर नाहीसे झाले नव्हते. पडते घेण्याने त्यांचा दोष इतकी वर्षे झाकला गेला, की तो दुरुस्त करण्याची निकड त्यांच्या चालकांना भासलीच नाही. परिणामी ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ ला वेषांतर करूनच यावे लागले. आवृत्तीच्या मूळ रकान्यात ती १.२ चाच आकडा लिहिते आणि खरी ओळख एका वेगळ्या जोडपत्रात देते. वाटेतील तपासणी-यंत्रांनी अडवू नये म्हणून जुन्या रीतीचा एक निरर्थक संदेशही पाठविण्याची मुभा तिच्यात ठेवली आहे.

जानेवारी २०२० मध्ये नियमपत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झालेली एक योजना नेमकी उलट दिशेने जाते. तिचे नाव ‘ग्रीस’. न हलविलेली बिजागरी गंजते, ही त्यामागील कल्पना. ब्राउझर आपल्या खऱ्या यादीत मधूनमधून मुद्दाम राखून ठेवलेले अर्थहीन आकडे घालतो. नीट लिहिलेला सर्व्हर ते सोडून पुढे जातो. सदोष सर्व्हर तेथेच अडखळतो, आणि त्याचा दोष त्याच्या कर्त्याला पहिल्याच चाचणीत दिसतो.