संगणकात वेगळे बिऱ्हाड

'वेगळे बिऱ्हाड' म्हटले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या खडवलीच्या घरात असे एक बिऱ्हाड मी हौसेने थाटून दिले, आणि तेही संगणकात!

आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ साली जिचा गाभा जगाला दिला, ती ही प्रणाली. तीत घरातल्या प्रत्येकाची एकेक खोली असते व त्या साऱ्या 'होम' नावाच्या वाड्यात. आमचा वाडा आणि प्रणाली एकाच डिस्कवर नांदत होती. प्रणाली नव्याने घालायची, तर डिस्क पुसायची पाळी. आणि सौभाग्यवतीच्या खोलीत तिच्या वडिलांनी वाचलेल्या पोथीचे ध्वनिमुद्रण होते. वडील गेले, दुसरी प्रत नाही.

भाचा ठाण्याहून कसारा लोकलने आला तो नवी डिस्क घेऊनच. "मामा, वाडा हिच्यावर नेऊ. मग प्रणाली कितीदा बदला, वाड्याला धक्का नाही."

ही युक्ती जुनीच. बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्समध्ये माणसांचे सामान 'यूएसआर'मध्ये असे. पुढे तेथे प्रणालीच शिरली आणि माणसांना दुसरी जागा बघावी लागली. पाहुण्याने यजमानाला बाहेर काढावे, तशातली गत!

भाचा चहाला उठला. मी उतावळा. नवी डिस्क 'होम'च्या जागी जोडली आणि पाहतो तो वाडा रिकामा! पोथी नाही, फोटो नाहीत. भातसेला पूर यावा तसे डोळ्यांपुढे पाणी आले.

"अहो, बाबांचा आवाज?" सौ. दारातच उभी.

भाचा मात्र हसला. "मामा, भरल्या डब्यावर तुम्ही रिकामे ताट पालथे घातलेत. डबा खाली आहे तसाच आहे." त्याने डिस्क सोडवली आणि सारे पुन्हा दिसू लागले.

मग रीतसर काम झाले. नवी डिस्क आधी आडबाजूला 'एमएनटी'त जोडली आणि 'सीपी'ला 'ए' लावून सारे तिच्यावर उतरवले. त्यामुळे कोणती फाईल कोणाची, हेही जसेच्या तसे येते आणि लपलेल्या फायलीही सुटत नाहीत. प्रत ताडून पाहिल्यावर 'एफएसटॅब' या फायलीत एक ओळ लिहिली. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची, ते तीत असते. डिस्कची ओळख त्या लांबलचक 'यूयूआयडी'ने द्यावी. त्यात एक अक्षर चुकले, तर यंत्र दीड मिनिट वाट पाहून अडून बसते. तेही आम्ही अनुभवले!

"पण नवी डिस्कच बिघडली तर?" सौ.ने विचारले. प्रश्न बिनतोड होता. वेगळे बिऱ्हाड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. म्हणून पोथीची एक प्रत भाच्याबरोबर ठाण्याला गेली.

दसऱ्याला नवी प्रणाली घातली. मांडणी करताना 'होम'च्या डिस्कपुढची 'फॉरमॅट'ची खूण तेवढी तीनदा तपासली. संध्याकाळी सौ.ने पोथी लावली. सासरे मध्येच थांबून खाकरले, मागून लोकलचा भोंगा ऐकू आला, आणि ते पुढची ओवी वाचू लागले.