काळ्या-पांढऱ्यातून करडा

परवा शुक्रवारी बहरीनच्या किल्ल्यावर मुलीने माझा जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि नजर झर्रकन फिरवली. "बाबा, भिंतीच्या कडेला लाल-हिरवी-निळी रेघ का दिसते?" या पडद्यांवरच माझी पीएच.डी. झाली, म्हणून उत्तर जरा लांबले. आपल्यापैकी कुणाला गोडी वाटेल म्हणून येथे देतो.

त्या नखाएवढ्या पडद्यात फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिक आहे. अशा द्रवातले रेणू थराथरांत तिरपे उभे असतात आणि त्यांना स्वतःचे विद्युत ध्रुवीकरण असते, हे 1975 मध्ये रॉबर्ट मेयर यांनी दाखवले. पण थरागणिक दिशा पिळासारखी फिरत जाते आणि बेरीज शून्य होते. 1980 मध्ये क्लार्क आणि लागरवाल यांनी हा द्रव दोन काचांमधल्या एक-दोन मायक्रॉनच्या फटीत कोंडला. पीळ सुटला, रेणूंना दोनच जागा उरल्या. वीज दिली की काही मायक्रोसेकंदांत इकडून तिकडे, आणि वीज काढली तरी तिथेच. नेहमीच्या द्रवस्फटिकाला मिलिसेकंद लागतात.

पण दोनच जागा म्हणजे काळा किंवा पांढरा. करडा आणायचा कुठून? इथे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची वर्णी लागते. चित्राचा वेळ 1, 2, 4, 8 असा दुप्पट होत जाणाऱ्या आठ तुकड्यांत वाटायचा. ठिपका कोणत्या तुकड्यांत उजळ ठेवायचा हे ठरवले की 256 छटा मिळतात. लाल, हिरवा, निळा उजेडही पाळीपाळीनेच. बेरीज डोळा करतो. नजर हलली की बेरीज फसते, तीच मुलीची रेघ. पाळ्या जितक्या जलद, तितकी ती पुसट.

वीज एकाच दिशेने देत राहिले तर आयन काचेपाशी साठतात आणि जुन्या चित्राची सावली उरते. म्हणून प्रत्येक चित्रानंतर तेवढाच वेळ उलटे चित्र, तेही दिवा बंद ठेवून. निम्मा वेळ अंधारात! मला हे आजही रुचत नाही.

खरी डोकेदुखी मात्र थरांची. द्रव थंड होताना थर आकसतात आणि मध्येच कोपरासारखे वाकतात. मग रेणू पूर्ण 45 अंश फिरत नाहीत, काळा फिका पडतो, नागमोडी रेषा उमटतात. काचेवर योग्य पॉलिमरचा लेप आणि कमी आकसणारी मिश्रणे, हा त्यावरचा उपाय. कॅननने 1990 च्या दशकात 15 इंची पडदाही केला. पण धक्क्याने थर मोडण्याची भीती या जातीला कायमची. प्रयोगशाळेत माझ्याच अंगठ्याच्या दाबाने तीन महिन्यांचे काम वाया गेले होते. गाइड काही बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

हे सगळे ऐकून मुलीने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि मुद्दाम मान हलवू लागली.