माशाने काय खाल्ले?

डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात आणि गिरण्यांचे भोंगेही बंद झाले. पण येथील कोकणी बिऱ्हाडांतून सुक्या बोंबलाचा वास काही गेलेला नाही. बोंबील, जवळा, तारली ही मासळी गिरणी कामगारांच्या खाणावळींचा मोठा आधार होती. हा गरिबाचा घास पुढेही टिकेल काय? यावर एक सोपे उत्तर ऐकू येते : समुद्रात मासा कमी पडला तर तळ्यात वाढवू. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. ते का, एवढेच येथे सांगण्याचा आमचा मानस आहे.

आधी खरी बाजू पाहू. रोहू-कटल्याचे बीज पूर्वी पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे, कारण साठलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण दूर केली. तेव्हापासून तळ्याची शेती शक्य झाली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. तांदळाचा कोंडा आणि पेंड यांवर तिघांचेही भागते. अशा शेतीने समुद्रावर भार पडत नाही.

कोळंबीचे तसे नाही. तिच्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी घालतात, आणि 1 किलो भुकटीसाठी चार-पाच किलो ओली मासळी खर्ची पडते. ही मासळी येते कोठून? तारल्यांतून, आणि बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेल्या पिलांतून! म्हणजे गरिबाच्या ताटातला मासा श्रीमंताच्या कोळंबीला चारला जातो. खळ्यात धान्य यावे म्हणून कणगीतले बियाणे दळून खावे, त्यातलाच हा प्रकार.

यावर उपाय शोधले जात आहेत. भुकटीऐवजी सोयाबीनची पेंड कितपत चालेल, याचे प्रयोग झाले आहेत आणि भुकटीचे प्रमाण उतरलेही आहे. कालवे आणि शिनाणे यांना तर खाद्यच लागत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ती वाढतात. सिंधुदुर्गात महिलांच्या गटांनी कालवांची शेती करून पाहिली आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासून मत्स्यशास्त्राचे शिक्षण देत आहे. राज्य सरकारनेही 2023 साली पापलेटला राज्यमासा ठरवले आणि 54 जातींसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासा पकडण्यास मनाई केली.

परंतु कायदा बंदरावर उभा असतो, आणि पिलांना गिऱ्हाईक मिळते ते बाजारात. तळहातावर मावेल एवढे पापलेट स्वस्त म्हणून आपण घेतो, तेव्हा अजून एकदाही अंडी न घातलेला मासा संपवतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत याच जाणिवेची आहे. आपणही बाजारात दोन प्रश्न विचारावेत : हा मासा पुरता वाढला होता काय? आणि तळ्यातला असेल, तर त्याला काय खाऊ घातले? कोळीण हसेल, पण चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या दिवशी उत्तर तयार ठेवील.